कडेची माणसं

या कॅमेऱ्याला अंतर मोजता येत नाही. त्याच्या भिंगाभोवतीच्या कड्यावर चार चित्रं आहेत: एक माणूस, तीन माणसं, माणसांचा घोळका आणि डोंगर. एक माणूस म्हणजे साधारण एक मीटर, तीन माणसं म्हणजे दोन, घोळका म्हणजे सहा आणि डोंगर म्हणजे दहा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत जे असेल ते. समोर काय आहे हे आपण ठरवायचं, कडं फिरवून त्या चित्रावर आणायचं आणि खटका खाली ओढायचा. चुकलं तर कॅमेरा सांगत नाही. रोल धुतला की कळतं.

गेल्या वर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली, त्या दिवशी हा कॅमेरा गळ्यात अडकवून मी दिवे घाटात उभी होते. घाटाची वळणं माणसांनी भरून वाहत होती. वर ड्रोन घोंगावत होते, कठड्यावर चढून लोक मोबाइल उंच धरत होते. माझ्याकडे बारा फोटोंचा एक रोल कॅमेऱ्यात होता आणि दोन पिशवीत. पहिले चार फोटो मी डोंगरावर कडं ठेवून काढले, कारण त्या घाटात कोणीही आधी तेच करतं: खालून चढत येणारी पांढरी-भगवी रेघ. पुढचे तीन घोळक्यावर. मग पावसाचा एक शिडकावा येऊन गेला, आणि रस्त्याच्या कडेला अंगावरचे प्लास्टिकचे कागद झटकणाऱ्या पाच बायका दिसल्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने मलाच हाक मारली.

"माउली, गळ्यात काय गं ह्ये डबडं?"

"कॅमेरा आहे."

"मंग काढ की आमचा."

पाचही जणी उठल्या, पदर सारखे केले, एकीने तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलं. म्हातारी मधे उभी राहिली, तिच्या दोन्ही अंगांना दोघी-दोघी. तसं उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं. गटाचा फोटो म्हटला की वडील माणूस मधे आणि बाकीचे कडेला, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मी कडं तीन माणसांवर आणलं, दोन पावलं मागे सरले आणि खटका ओढला. कट् असा बारीक आवाज झाला.

"दाखीव की."

"यात दिसत नाही, आजी. रोल धुवावा लागतो."

तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला, उलटा केला. मागच्या लाल खिडकीत आठचा आकडा होता. तो तिने डोळे बारीक करून पाहिला आणि बाकीच्यांना म्हणाली, "आगं, ह्यो तर आमच्या येळचा हाय. आमच्या घरी असलाच व्हता. आकडा बगून गुंडाळायचा." मग माझ्याकडे वळून, "धाडशील का फोटू?"

मी वहीत पत्ता उतरवून घेतला. परभणी जिल्ह्यातलं गाव. पिनकोड तिच्या सुनेला पाठ होता. धाडते म्हणाले.

आकडा बघून गुंडाळायचा. इतक्या थोड्या शब्दांत या कॅमेऱ्याचं काम मला कोणाला सांगता आलं नव्हतं. यात जाणारी फिल्म १२० नंबरची. कोडॅक कंपनीने ती १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी नावाच्या पुठ्ठ्याच्या कॅमेऱ्यासाठी काढली. त्याआधीच्या वर्षी आलेली पहिली ब्राउनी एका डॉलरला मिळत होती, आणि फोटो काढणं ही सामान्य माणसाच्या खिशाला झेपणारी गोष्ट तिच्यापासून झाली. फिल्मच्या पाठीला कागद असतो. कागदावर आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या पाठीतल्या खिडकीतून ते बघत गुंडाळत जायचं, पुढचा आकडा आला की थांबायचं. खिडकी लाल का, तर जुन्या फिल्मना लाल रंग दिसतच नसे. त्या उजेडाने त्या बिघडत नसत. आजच्या फिल्मना लाल दिसतो, म्हणून मी खिडकीवर काळ्या टेपची एक झडप लावली आहे. सव्वाशे वर्षं होत आली, कॅमेरे किती आले आणि गेले, पण या फिल्मची रुंदी आणि तो कागद तसाच आहे.

माझा कॅमेरा होल्गा आहे. हाँगकाँगमधल्या ली टिंग-मो यांनी तो १९८१ मध्ये आखला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. त्यांची युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स इंडस्ट्रीज ही कंपनी १९६९ पासून फ्लॅशगन बनवत असे. कॅमेऱ्यांतच फ्लॅश बसवलेला येऊ लागला तशी सुट्या फ्लॅशची मागणी आटली, आणि ली कॅमेऱ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते चीनमधलं साधं कुटुंब. चीनमध्ये तेव्हा १२० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म सगळीकडे मिळत होती, पण ती ज्यात घालायची तो कॅमेरा परवडत नव्हता. म्हणून अंग प्लास्टिकचं, भिंगही प्लास्टिकचं, आत एक स्प्रिंग आणि थोडे पत्रे. 'हो ग्वाँग' म्हणजे कँटोनीजमध्ये खूप उजेड. त्यावरून होल्गा हे नाव घडवलं. हे नाव मला फार आवडतं. या कॅमेऱ्याला दुसरं काही नको असतं, उजेड तेवढा हवा असतो. दुपारच्या उन्हात, शंभर स्पीडच्या फिल्मवर, त्याने काढलेला फोटो चांगला भरलेला येतो. संध्याकाळी सहानंतर तो हात टेकतो.

त्याचा खटका सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात उघडतो आणि मिटतो. एकच वेग. भिंगाच्या वर ऊन आणि ढग अशी दोन चिन्हं आहेत, त्यांच्यावर एक कळ सरकते. कितीतरी वर्षं ती कळ सरकवून काहीच होत नसे. तिने पुढे येणारं भोक आतल्या कायमच्या भोकापेक्षा मोठं होतं, त्यामुळे उन्हात आणि ढगात आत जाणारा उजेड तेवढाच. पुढे ती चूक दुरुस्त झाली. फिल्म गुंडाळणं आणि खटका यांचा एकमेकांशी काही संबंध जोडलेला नाही, म्हणून गुंडाळायला विसरलं की एका फोटोवर दुसरा फोटो बसतो. मागचं झाकण दोन बाजूंच्या धातूच्या चिमट्यांनी धरलेलं असतं आणि ते चिमटे वर सरकू शकतात. एकदा टेप लावायचा मी कंटाळा केला, आणि चालत्या एसटीत झाकण मांडीवर उतरून आलं. तो रोल गेला. त्यानंतर टेपची गुंडाळी कॅमेऱ्याच्या पिशवीतच राहते.

चीनमध्ये होल्गाचा काळ फार टिकला नाही. थोड्याच वर्षांत ३५ मिलिमीटरची फिल्म आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे गेलं. होल्गा जहाजांतून बाहेरच्या देशांत जाऊ लागला, आणि तिथे ज्यांच्या हाती पडला ते वेगळेच लोक होते: फोटोग्राफी शिकणारी मुलं, चित्रकार, महागड्या कॅमेऱ्यांना कंटाळलेले व्यावसायिक. त्यांना तयार करून ठेवलं होतं ते होल्गाच्याही आधीच्या एका कॅमेऱ्याने.

त्याचं नाव डायना. हाही हाँगकाँगचाच, कौलूनच्या ग्रेट वॉल प्लास्टिक फॅक्टरीतला, १९६० च्या दशकातला. फिकट निळा माथा, काळं अंग. अमेरिकेत तो एकशे चव्वेचाळीस नगांच्या खोक्यांनी जाई, नगाला ठोक भाव सुमारे पन्नास सेंट. जत्रेतल्या नेमबाजीला बक्षीस म्हणून, कशावर तरी फुकट म्हणून तो वाटला जाई. दोन-चार रोल काढून मुलं तो फेकून देत. तिथल्या फोटोग्राफीच्या वर्गांत मात्र काही शिक्षकांनी तो मुद्दाम विद्यार्थ्यांच्या हातात दिला: यंत्राच्या नादी लागू नका, आधी बघा.

नॅन्सी रेक्सरॉथ ओहायो विद्यापीठात शिकत होत्या तेव्हा डायना त्यांच्या हाती आला. १९७० पासून सुमारे सहा वर्षं त्या ओहायोच्या आग्नेय भागातल्या लहान गावांत तो घेऊन फिरल्या. पांढरी लाकडी घरं, अंगणं, रिकाम्या खोल्या, उन्हात उभी असलेली माणसं. १९७७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याला त्यांनी नाव दिलं 'आयोवा'. फोटो बहुतेक ओहायोतले, नाव दुसऱ्याच राज्याचं, कारण लहानपणी त्या आयोवात नातेवाइकांकडे जात आणि त्या उन्हाळ्यांची आठवण त्यांना या गावांत भेटत होती. ज्यांना आजोळ होतं आणि आता ते घर पडलं आहे, अशा कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. पाने उलटताना मला आयोवा दिसत नाही, ओहायोही दिसत नाही. दुपारी निजानीज झालेलं घर दिसतं. २०१७ मध्ये त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली.

दुसरं उदाहरण वर्तमानपत्री जगातलं. डेव्हिड बर्नेट यांनी व्हिएतनामच्या युद्धापासून पुढची अनेक दशकं बातम्यांचे फोटो काढले. २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांच्या प्रचारसभेत, सभोवती हजारो डॉलरची यंत्रं असताना, त्यांनी होल्गाने एक फोटो घेतला. व्हाइट हाउस न्यूज फोटोग्राफर्स असोसिएशनच्या २००१ च्या स्पर्धेत तो बक्षीस घेऊन गेला. प्लास्टिकच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला आता कोणी नाक मुरडू शकत नव्हतं.

मी हे सगळं मनापासून मानते. रेक्सरॉथ यांच्या पुस्तकापुढे मी तासन्‌तास बसले आहे. पण या कौतुकात एक शब्द सारखा येतो आणि तो मला टोचतो: खेळणं. खेळण्यातला कॅमेरा. जत्रेत बक्षीस लागला तिथे डायना खेळणं होता, हे खरं. ली टिंग-मो यांनी होल्गा खेळणं म्हणून बनवला नव्हता. आणि आमच्याकडे, १९७० च्या दशकात, तसला कॅमेरा कपाटाच्या वरच्या खणात, चाव्यांच्या डब्याशेजारी, दागिन्यांच्या खालोखाल मानाने राहत होता.

मराठी घरांतला तो कॅमेरा बहुतेक वेळा ॲग्फा क्लिक थ्री असे. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज तो बनवत असे. हाही १२० चाच, बारा चौकोनी फोटोंचा. त्यात घालायला उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू नावाचा रोल, किंवा पूर्व जर्मनीतून येणारा ऑर्वो. हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९६० मध्ये केंद्र सरकारने काढलेली कंपनी. १९६७ पासून तिथे फिल्म बनू लागली. देशातल्या लोकांच्या बारशांचे, मुंजींचे, सहलींचे चेहरे उटीच्या थंड हवेत बनलेल्या त्या पट्ट्यांवर उमटले. तो कारखाना आता बंद आहे.

आमच्या घरीही प्लास्टिकचा एक कॅमेरा होता, रेक्झिनच्या पिशवीत. रोल घातला की दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पुरवायचा. त्यामुळे एका रोलमध्ये फुलबाज्या असत, तिळगूळ असे आणि शेवटी आंब्याच्या अढीजवळ बसलेली मामेभावंडं असत. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोटो काढताना श्वास रोखून धरत आणि काढून झाल्यावर सगळ्यांना हलायची परवानगी देत. बारांपैकी दोन-तीन जळालेले निघत. जळालेला फोटो म्हणजे कुठून तरी उजेड शिरून पांढरा पट्टा उमटलेला. तो फोटोवाला छापतच नसे; पैसे वाचवले म्हणून अण्णा त्याचे आभार मानत. आज तसा पट्टा मुद्दाम आणायला मोबाइलमध्ये बटणं आहेत.

आल्बम अजून आहे, काळ्या पानांचा, फोटोंचे कोपरे कागदी त्रिकोणांत खोचलेले. हा लेख लिहायला घेतला तेव्हा तो मी भिंग घेऊन पुन्हा पाहिला. आजोबा मधे, खुर्चीत. शेजारी आजी. त्यांच्या मागे मुलगे. दोन्ही टोकांना सुना, कडेवर मूल घेतलेल्या किंवा मूल खाली उतरवून हात मोकळे झालेल्या. आजोबांच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो. आजीच्या नाकातली नथ स्पष्ट आहे. तिथून बाजूला सरकत गेलं की चेहरे मऊ होतात, मग पुसट, आणि शेवटच्या चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत, नुसता एक उजळ ठिपका आणि त्यावर पदराची सावली. ती माझी आई आहे. पाच वेगवेगळ्या सणांचे पाच फोटो आहेत आणि पाचही फोटोंत ती टोकाला आहे. धाकटी सून. आणि अण्णा तर एकाही फोटोत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात असे.

तिच्या तरुणपणाचा स्पष्ट चेहरा आमच्याकडे फक्त लग्नाच्या स्टुडिओतल्या फोटोत आहे. मधली बारा-पंधरा वर्षं ती कडेला उभी आहे.

असं का होतं हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. महागड्या कॅमेऱ्याच्या भिंगात काचेचे चार, सहा, आठ तुकडे असतात. एकाने केलेली चूक दुसरा निस्तरतो. साध्या कॅमेऱ्यात भिंग एकच, चंद्रकोरीसारखं एका बाजूला वाकलेलं. असं एकटं भिंग समोरच्या देखाव्याचं चित्र सपाट पाडू शकत नाही. चित्र वाटीच्या आतल्या बाजूसारखं वाकडं पडतं आणि फिल्म तर सपाट असते. मधे दोघांची गाठ पडते, कडेला पडत नाही. शिवाय तिरप्या जाणाऱ्या किरणांना ते भिंग एका ठिकाणी आणू शकत नाही, ते पसरतात. कोपऱ्यांपर्यंत उजेडही कमी पोचतो, म्हणून कोपरे काळवंडतात. काही साध्या कॅमेऱ्यांत यावर उपाय म्हणून फिल्मच किंचित वाकवून बसवत. त्याने थोडं सावरतं, सगळं नाही.

कलेच्या पुस्तकांत याच गोष्टीचं कौतुक आहे. कडा विरघळतात, स्वप्नासारखं वाटतं, आठवणीसारखं वाटतं. घरं, झाडं, रस्ते विरघळले तर मलाही तसंच वाटतं. पण भिंगाला घर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. ज्या समाजात कोणी मधे उभं राहायचं आणि कोणी टोकाला हे आधीच ठरलेलं असतं, तिथे हे भिंग त्या ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करतं. जी टोकाला उभी, तिचाच चेहरा जातो.

मुंबईत बोरा बाजारात कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे मी आमचा जुना कॅमेरा घेऊन गेले. फोर्टातली ती गल्ली एके काळी फोटोवाल्यांची पंढरी होती; आजही तिथे भिंगं, फ्लॅश, तिपाया विकणारी दुकानं एकाला एक लागून आहेत. गृहस्थ सत्तरीचे. तरुणपणी त्यांनी लग्नाचे आणि शाळेचे ग्रुप फोटो काढले होते. त्यांच्या खणात तसले सात-आठ कॅमेरे होते. "लोक बापाचा कॅमेरा आणतात," ते म्हणाले. "चालू करून द्या असं कोणी म्हणत नाही. पुसून द्या म्हणतात." आमच्या कॅमेऱ्याचा खटका त्यांनी दोनदा ऐकला, स्प्रिंगला तेलाचा ठिपका दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला.

मी त्यांना आल्बममधले फोटो मोबाइलवर दाखवले. त्यांनी बोटाने आईचा ठिपका मोठा केला, पुन्हा लहान केला.

"सरळ रेषेत उभे केलेत ना," ते म्हणाले. "शाळेचा ग्रुप काढायला गेलो की आम्ही आधी जमिनीवर खडूने कमान मारायचो. कडेच्यांना पुढे घ्यायचं. मधला आणि कडेचा, दोघं कॅमेऱ्यापासून सारखे लांब आले पाहिजेत. चांगल्या कॅमेऱ्यालासुद्धा करायचो, आणि याला तर करायलाच पाहिजे. अर्धं पाऊल पुढे घेतलं तरी चेहरा येतो."

मी घरी येऊन कागदावर आकृती काढून पाहिली. त्यांचं म्हणणं भिंगाच्या गणितात चपखल बसत होतं. कडेच्या माणसाचं चित्र फिल्मच्या अलीकडेच पडतं. माणूस कॅमेऱ्याच्या जवळ आला की त्याचं चित्र मागे सरकतं आणि फिल्मला भेटतं. खडूची ती कमान म्हणजे भिंगाच्या वाकडेपणाला माणसांनी दिलेलं उत्तर होतं. आमच्या अंगणात कोणाला ते माहीत नव्हतं, इतकंच. अण्णा श्वास रोखत होते, उजेड बघत होते, उन्हाकडे पाठ करत होते. टोकाच्या दोघींना "जरा पुढे या" एवढंच म्हणायचं राहून गेलं.

मधल्या काळात घाटातला तो रोल धुतला होता. रोल मी घरीच धुते. आता १२० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल हजार रुपयांच्या आगेमागे पडतो, धुवायला देणं त्यावर वेगळं, आणि पाठवून परत यायला दिवस जातात. काळ्या पिशवीत हात घालून, डोळ्यांचा उपयोग नसताना, फिल्म कागदापासून सोडवून रिळावर चढवायची. मग डबा, डेव्हलपर, पाणी, हायपो. डेव्हलपर वीस अंशांवर लागतो आणि पुण्याच्या नळाला ते पाणी थंडीखेरीज मिळत नाही, म्हणून बादलीत बर्फ टाकून त्यात डबे उभे करते. साडेसात मिनिटं, दर मिनिटाला डबा हलवायचा. धुऊन झाल्यावर ओली पट्टी बाथरूममधल्या दोरीला चिमट्यांनी टांगून उजेडाकडे धरून पाहणं, हे सुख मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

आठव्या चौकटीत पाच जणी होत्या. म्हातारी जशीच्या तशी उतरली होती, कपाळावरचा बुक्का, डाव्या गालावरची सुरकुती, हातातली वीणेची तार धरल्यासारखी घट्ट मूठ. कडेच्या दोघी धुक्यात गेल्या होत्या, आणि पावसानंतरच्या त्या प्रकाशात तो फोटो इतका सुंदर दिसत होता की मी त्याचा मोठा प्रिंट करून भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याची वाखाणणी केली. एक प्रिंट परभणीला पाठवला.

तीन आठवड्यांनी फोन आला. फोटो पोचला, चांगला आला, देव्हाऱ्याशेजारी ठेवला. मग थोडं थांबून म्हातारी म्हणाली, "पर माझी जाऊ कडंला उभी व्हती बग. तिचं त्वांडच न्हाई त्यात. ती इचारती, माझा का नाही आला म्हणून. काय सांगू तिला?"

मला काहीही सांगता येईना. कॅमेऱ्याची काही चूक नव्हती. तो असाच आहे हे मला माहीत होतं. मी त्यांना रेषेत उभं राहू दिलं आणि मागे सरले. भिंतीवरचा प्रिंट मी त्या संध्याकाळी उतरवला. बोरा बाजारात मी गेले ती त्यानंतर.

त्याच्या काही वर्षं आधी होल्गा बनणंही बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये उत्पादन थांबल्याची बातमी आली, साचे टाकून दिल्याचं कळलं, आणि जगभरच्या लोकांनी दुकानांतले उरलेले कॅमेरे उचलून घेतले. २०१७ मध्ये ते पुन्हा बनू लागले. माझा त्या नव्यांतला आहे. म्हणजे अजून काही वर्षं कोणी ना कोणी या चार चित्रांपैकी एकावर कडं आणून माणसांना समोर उभं करत राहील.

यंदा पालखीच्या आधी मी फोन केला. त्यांची दिंडी कितव्या नंबरची ते विचारून घेतलं आणि सासवडच्या मुक्कामावर गेले. पाचही जणी आल्या होत्या. चहा झाला. मी काठीने मातीत कमान ओढली, खडूऐवजी. तिच्या मधोमध म्हातारी, दोन्ही बाजूंना दोघी-दोघी, टोकं माझ्याकडे वळलेली. जाऊ सवयीने रेघेच्या मागे जाऊन उभी राहिली, अर्धी दुसरीच्या खांद्याआड.

"आजी, त्यांना पुढे घ्या."

"सरक की म्होरं," म्हातारी तिला म्हणाली. "आजून म्होरं. सासरा न्हाई हितं."

पाचही जणी हसल्या, आणि जाऊ रेघेवर आली. मग रेघेच्याही एक बोट पुढे आली. मी दोन वेळा काढला, एकदा ऊन असताना आणि एकदा ढग सरकून आल्यावर, मधे आकडा बघून गुंडाळत.

रोल धुतला तेव्हा पट्टी दोरीला टांगायच्या आधीच मी तिला शोधलं. कोपरे काळवंडलेले आहेत, तिच्या बाहीपासून पुढे सगळं वितळलेलं आहे, डोळे थोडे मऊ पडले आहेत. पण ती हसते आहे हे दिसतं. पुढचा एक दात पडलेला दिसतो.

निघताना म्हातारीने बजावलं होतं, एकच फोटो धाडू नको, मग तो माझ्याच घरी राहतो. येकीयेकीच्या नावाचा येगळा धाड. मी पाच प्रिंट केले, पाच पाकिटं केली. पाचांवरही गाव, तालुका आणि पिनकोड तोच होता. सगळ्यांत आधी मी जावेचं पाकीट लिहिलं.